दुसरी वेलांटी

२० जाने., सोम.
धुळ्याच्या ताईंची पाटी सापडली. जळगावला आमच्या पेंटरच्या दुकानाच्याच गोदामात, जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागे, गोणपाटात बांधलेली. सुतळीला चिठ्ठी तशीच अडकवलेली. चिठ्ठीत इंग्रजीत दोनच शब्द: प्लीज रिस्टोअर. खाली सही, फोन नंबर.

दिवाळीपासून पडून आहे. नानांना विचारले, अजून हात का लावला नाही. म्हणाले, "बाईंनी लिहिलंच आहे ना, री-स्टोअर. परत स्टोअरमध्ये ठेवा. ठेवली."

उस्ताद आहेत, म्हणून समोर हसलो नाही. बाहेर नळावर जाऊन हसलो.

दुपारी ताईंचाच फोन. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता निवृत्त. पाटी त्यांच्या वडिलांच्या वाचनालयाची, पारोळ्याच्या पुढे उंबरपिंप्रीत. वडिलांना सगळे आबा म्हणत. धुळ्याला मिलमध्ये होते, तिथेच मोठेपणी अक्षरे शिकले, गावी परतून वाचनालय काढले आणि पाटी स्वतःच्या हाताने लिहिली. वाचनालय कित्येक वर्षे बंद होते. आता खोलीवर नवे पत्रे पडलेत. २३ फेब्रु.ला उघडायचे आहे, पाटी त्याआधी हवी. नाना फोनवर म्हणाले, होऊन जाईल. फोन ठेवून माझ्याकडे पाहिले. "माझा हात आता थरथरतो. तू कर. तुझ्या नावावर."

सहा वर्षांत माझ्या नावावर पहिले काम. जेवण गेले नाही.

आजच्या चुका: 'शुध्द शाकाहारी' (स्टँडसमोर). 'दूरूस्ती' (सायकलवाला). एका शब्दात दोन!

२१ जाने., मंगळ.
रद्दीवाल्याकडून इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. मागची पाने नाहीत, पण आर शाबूत आहे. रिस्टोअर, क्रियापद: १. पूर्ववत करणे. २. परत देणे. ३. पुन्हा पदावर घेणे. ४. (प्रकृती) पूर्वीसारखी करणे.

एका शब्दाला चार अर्थ आणि चिठ्ठीवर कोणता ते लिहिलेले नाही. नानांचा अर्थ पाचवा.

दहावीला इंग्रजीत दोनदा गेलो, तिसऱ्यांदा बसलोच नाही. तेव्हापासून इंग्रजी शब्द दिसला की पान उलटतो. हा मात्र आवडला. आई भाकरी थापत असताना लाइट गेली, पाऊण तासाने आली, आणि लगेच मोबाइलवर वीजवाल्यांचा मेसेज आला. त्यात तोच शब्द, शेपटीला डी लावून. आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "लाइट आली म्हणायला केवढं लांब."

मराठीत कसा लिहायचा यावर अर्धा तास गेला. रिस्टोर, रीस्टोअर, रिस्टोअर. शेवटचा ठरवला. रि पहिली.

२३ जाने., गुरु.
ताईंना धीर करून इंग्रजीत मेसेज टाकला: आय विल रिस्टोअर अगेन द बोर्ड. पाठवण्याआधी सात वेळा वाचला.

तासाभराने उत्तर, मराठीत: 'छान. फक्त "अगेन" काढा. "री"मध्ये "पुन्हा" आधीच आहे. दोनदा पुन्हा झाले.'

कान तापले. पण नंतर लिहिले होते: 'तुम्ही विचार करून लिहिता हे दिसले. पाटी योग्य हातात आहे.'

हा मेसेज जपून ठेवला आहे. स्टार देऊन.

नाना मधूनच गोदामात डोकावतात, पण पाटीकडे बघत नाहीत. भिंतीकडे बघतात.

२५ जाने., शनि.
गोणपाट सोडले. सागाची फळी, निळी जमीन, पांढरी अक्षरे. तीन ओळी.

सार्वजनिक वाचनालय, उंबरपिंप्री
सर्वांस मुक्तद्वार
स्थापना

स्थापनेपुढचा आकडा उडालाय. 'सर्वांस'मधल्या वा च्या डोक्यावर मसुराच्या डाळीएवढा पोपडा गेलाय, थेट लाकडापर्यंत. म्हणजे टिंब गेले. बाकी धूर, माश्यांचे डाग, कोळ्याची जाळी. कापसाने आणि कोमट पाण्याने पुसली. अक्षर सुरेख आहे. जाड, थोडे बसके, जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखे.

संध्याकाळी पाटी दारात उभी केली. ऊन तिरपे पडले. तिरप्या उन्हात रंगाखालचा रंग उठून दिसतो, ही नानांचीच शिकवण. तर 'सार्वजनिक'मध्ये न च्या उजवीकडे, निळ्याच्या खाली, उभी रेघ. फुगीर. वर जाऊन वळलेली.

मग नीट पाहिले. ज आणि न यांच्यामध्ये पहिली वेलांटी अक्षरशः कोंबलेली आहे, बसमध्ये तिसरा माणूस सीटवर बसतो तशी. आणि न आणि क यांच्यामध्ये मोकळे मैदान.

म्हणजे मूळ शब्द 'सार्वजनीक' होता. दुसरी वेलांटी. आबांनी चूक लिहिली होती, नंतर कोणीतरी ती दुरुस्त केली.

पूर्ववत करणे. कोणत्या पूर्वीसारखे?

२६ जाने., रवि.
सकाळी शाळेसमोर झेंड्याला गेलो. 'हार्दीक शुभेच्छा' दोन ठिकाणी. वही काढली नाही, लक्षात ठेवले.

नाना मेहरूणची बोरे घेऊन घरी आले. असे कधी येत नाहीत. आईशी इकडचे तिकडचे बोलले, दोन बोरे खाल्ली, मग बिया मुठीत धरून म्हणाले, "तुला दिसलंच असंल."

ती दुरुस्ती त्यांची. चाळीसेक वर्षांपूर्वीची. नुकतेच शिकून तयार झाले होते. आबा आजारी पडून धुळ्याला लेकीकडे गेले होते, मागे गावच्या मंडळींनी नानांना अक्षरे उजळायला बोलावले. चूक दिसली. वाचनालयाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली! हात शिवशिवले, म्हणाले. ब्लेडने दुसरी खरवडली, पहिली घातली, आणि फार मोठे काम केले असे वाटून सायकलवर शीळ घालत आले.

"तुला वाटतं ना शुद्धलेखनाचं वेड तुझ्यातच आहे. माझ्याकडूनच आलंय ते."

विचारले, मग इतके दिवस पाटी गोदामात का ठेवली? खरंच री-स्टोअर वाचलेत?

नाना म्हणाले, बोर गोड आहे.

२९ जाने., बुध.
तीन दिवस एकच विचार. जर रिस्टोअर म्हणजे पूर्ववत, तर मी माझ्या हाताने नी दुसरी लिहायची. माझे पहिले काम आणि त्यात ढळढळीत चूक. सगळा गाव वाचणार. पेंटरला लिहिता येत नाही म्हणणार. बाहेरच्याला काय माहीत, मुद्दाम आहे म्हणून.

जर तशीच ठेवली, तर ती आबांची पाटी नाही. नानांची आहे.

आणि मुख्य म्हणजे ताईंना सांगायचे कसे? इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना सांगायचे की तुमच्या वडिलांची वेलांटी चुकली होती? त्यांना माहीतही नसेल. न सांगता उरकता येईल. कोणाला कळणार आहे.

मला कळेल.

शनिवारी धुळ्याला जातो.

१ फेब्रु., शनि.
सातची धुळे बस. एरंडोलपर्यंत उभा, पुढे जागा मिळाली. रस्ताभर वाक्य पाठ केले: ताई, एक बारीकशी गोष्ट आहे.

ताईंचे घर लहान, पुस्तकांनी भरलेले. दारात म्हणाल्या, जय भीम, या, चपला असू द्या. पाणी दिले. मी पाठ केलेले वाक्य विसरलो आणि एकदम म्हणालो, "पाटीवर नी चुकलेली होती. दुसरी होती."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्या हसायला लागल्या, दोन्ही एकदम. मला कळेना उठावे की बसावे.

आतून एक वही आणली. आबांची. पाठीला कापड चिकटवलेले. दोन पाने भरून नावे, प्रत्येकापुढे एकच शब्द: दिसली.

आबांना नंतर कोणीतरी चूक दाखवली होती. ते म्हणाले, राहू दे. आणि वाचनालयाचा नियम केला: पुस्तक बसून वाचायला सर्वांना, पण घरी न्यायचे तर आधी पाटीवरची चूक दाखवायची. पोरे पाटीखाली उभी राहून एकेक अक्षर तपासायची. मोठी माणसेही. चूक कोणती हे कोणी कोणाला सांगायचे नाही, ज्याची त्याने शोधायची. म्हणून वहीतही नुसते 'दिसली'. कोणती ते नाही.

ताई म्हणाल्या, "मी आठ वर्षांची होते. नी वर बोट ठेवलं. बाबांनी मान डोलावली आणि पुस्तक दिलं. पुढे शिकायला बाहेर पडले. बाबा गेल्यावर गावी परत आले तेव्हा पाटी शुद्ध झालेली. मला वाटलं, आजारी पडण्याआधी बाबांनीच केली. विचारायचं राहिलं."

मी नानांचे नाव घेतले नाही. नंतर घेतले. ताई त्यावरही हसल्या.

निघताना म्हणाल्या, "मला त्यांची नी हवी आहे, भूषण. आणि एक लक्षात ठेवा, या क्रियापदानंतर पुष्कळदा 'टू' येतो. कोणाला? जे ज्याचं, ते त्याला."

स्टँडवर दोन प्लेट भजी खाल्ली. एवढी भूक कधी लागली नव्हती.

४ फेब्रु., मंगळ.
सराव. वर्तमानपत्रावर ब्रशने 'सार्वजनीक' पन्नास वेळा लिहायचे ठरवले. पहिल्या विसात तीनदा 'सार्वजनिक' आले. हात ऐकत नाही. न आला की ब्रश आपोआप डावीकडे वळतो.

नाना मागे उभे. "सहा वर्षं तुला नीट लिहायला शिकवलं, आता चुकायला शिकवू का?"

शिकवले. म्हणाले, शब्द वाचू नकोस, रेघा बघ. डोळे अर्धे मीट. एकावन्नावा जमला.

आई वर्तमानपत्र बघून म्हणाली, "हे सगळं चुकलंय रे." अभिमान वाटला. माझ्या आईला दिसली!

८ फेब्रु., शनि.
उंबरपिंप्री. भिंत आणि खुंट्या बघायला. पारोळ्याहून वडापच्या जीपने. बुद्धविहाराला लागून एकच खोली, चुना नवा, दार जुने. किल्ली समोरच्या घरी अक्कांकडे असते. सत्तरीच्या. शेत, दोन म्हशी, सुना, नातवंडे. सुनेला सांगून माझ्यासाठी चहा आणि कळण्याची भाकरी. नको म्हणायची सोय नाही.

मी पाटीच्या जागेचे माप घेत होतो. अक्का उंबऱ्यावर बसून बोलत होत्या. मी मराठीत बोललो की त्याही मराठीत बोलायच्या, तोडून तोडून, आणि मग घसरून आपल्या बोलीत. सून म्हणून आल्या तेव्हा एक अक्षर येत नव्हते. घरचे म्हणाले, तिकडे कशाला जातेस. या म्हणाल्या, पाटीवर सर्वांना म्हटले आहे. तेही दुसऱ्याने वाचून सांगितलेले. आबांनी पाटीवरूनच अक्षरे शिकवली. सा, र्व, ज. धुणे वाळत घालताना समोर पाटी दिसायची, त्या रोज एक अक्षर धरून ठेवायच्या. पूर्ण पाटी वाचता यायला वर्ष गेले. मग चूक शोधायला आणखी काही महिने.

एक दिवस सापडली. दुसऱ्या दिवशी आबांना दाखवायची म्हणून मनात पक्के केले. तर आबा आजारी, त्यांना धुळ्याला हलवलेले. आठवड्याने एक पेंटर सायकलवर आला. अक्का दारात उभ्या होत्या. पाटी उतरली, परत चढली. चूक गेलेली.

कोणाला दाखवणार? पुस्तक कधी घरी नेले नाही. पोरांची शाळेची पुस्तके वाचली, देवळातली पोथी वाचली, लग्नपत्रिका वाचल्या. वाचनालयाचे एकही नाही. आबा परतलेच नाहीत, पुढे वाचनालयही बंद पडले.

मी न राहवून विचारले, कोणती चूक होती, अक्का?

"पाटी येऊ दे. मंग सांगसू."

वडापमध्ये बसून ताईंना अक्कांचे सगळे कळवले आणि विचारले: जे कधी मिळालेच नाही ते रिस्टोअर करता येते का?

उत्तर पारोळ्याला पोचलो तेव्हा आले: 'तिने ते कमावलं होतं. हातात घ्यायचं तेवढं राहिलं. येतं.'

११ फेब्रु., मंगळ.
सुरुवात. टर्पेंटाइन, कापूस, जुने ब्लेड. नानांची पहिली वेलांटी काढायला अख्खा दिवस. एका जागी तीनच वेळा पुसायचे, मग थांबायचे. खालून आबांचा निळा निघाला, नानांच्या निळ्यापेक्षा गडद. नाना बघत होते. त्यांची वेलांटी कापसावर येत गेली.

विचारले, वाईट वाटते का. म्हणाले, "नाय भो. कोंबलेलीच व्हती."

मग स्वतःच निळा कालवायला बसले. थेंबाथेंबाने. हात थरथरतो म्हणतात, रंग कालवताना थरथरत नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
नी झाली. दुसरी वेलांटी. खाली आबांच्या रेघेचा फुगवटा होताच, त्यावरून ब्रश नुसता चालवला. मी लिहिली नाही, ती होतीच. एका दमात. वर वळताना आबांनी किंचित झोका दिला आहे, तोही आला.

मग कान्यांच्या कडा, वाचनालयातला ल, गावाचे नाव. 'सर्वांस'वरच्या खड्ड्यात लांबीची पुट्टी भरली, निळा दिला, सुकल्यावर टिंब ठेवले. छान गोल बसले. 'स्थापना'पुढचा आकडा ताईंनाही ठाऊक नाही, म्हणून जागा मोकळी ठेवली. जे माहीत नाही ते भरायचे नाही, हा मी स्वतःशी केलेला नियम.

नानांनी चष्मा लावून पाहिले. भरिताची वांगी आणायला निघून गेले. आज दुकानातच भरीत, कांद्याची पात, पुऱ्या. समोरच्या फ्लेक्सवाल्यालाही बोलावले.

१८ फेब्रु., मंगळ.
वार्निशचा हात. पाटीचा फोटो ताईंना पाठवला. उत्तर एकाच शब्दात, डी लावून.

कोश काढला. भूतकाळ आणि विशेषण, दोन्हीकडे तोच. म्हणजे 'तू केलेस' की 'ती झाली', नुसत्या शब्दावरून ठरवता येत नाही. दोन्ही अर्थांनी तीन वेळा वाचला.

मग माझे नाव कोपऱ्यात घालावे का यावर विचार. नाना म्हणाले घाल. नाही घातले. मागच्या बाजूला, भिंतीकडे, बारीक अक्षरात घातले.

२२ फेब्रु., शनि.
टेम्पो ठरवला. नाना येत नाही म्हणत होते. काय तोंड दाखवू. मी म्हटले, तुम्ही चढवलेली पाटी तुम्हीच चढवा. दाढी करून आले, पांढरा शर्ट घालून.

झोप येईलसे वाटत नाही. गावात कोणी हसले तर काय बोलायचे त्याची तीन वाक्ये तयार केली आहेत.

२३ फेब्रु., रवि.
सगळे क्रमाने लिहितो.

दहाला पाटी चढली. नानांनी खुंटी ठोकली, मी पातळी बघितली. ताई आबांची वही घेऊन आल्या होत्या. माणसे सत्तरऐंशी. भाषणे नाहीत, ताईंनी आधीच सांगितले होते. फक्त नियम सांगितला: पाटीवर एक चूक आहे, दाखवील त्याला आजच पुस्तक घरी.

कोणी हसले नाही. सगळ्यांनी माना वर केल्या आणि ओठ हलायला लागले. असे मी कधी पाहिले नाही. एवढी माणसे एक पाटी वाचताहेत, अक्षरागणिक. माझी तीन वाक्ये खिशातच राहिली.

मग अक्का आल्या. इस्त्रीचे लुगडे. लोकांनी वाट दिली. पाटीखाली उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. वाचले. पुन्हा वाचले. मला माहीत होते आता बोट कुठे जाणार. मी नी कडेच बघत होतो.

अक्कांनी नातवाची काठी घेतली आणि मधल्या ओळीवर टेकवली. 'सर्वांस'वर.

"आठे टिंब नव्हतं, भाऊ."

मी म्हटले, होते अक्का, पोपडा उडाला होता तिथला.

"नव्हतं. तीच ते चूक व्हती. सर्वांस म्हंजे बठ्ठास्ले. आमना बोलीमा त्याले टिंब नही. आबानी बोलीमा व्हतं तसं लिखेल व्हतं."

मीच केले! नानांनी जे केले तेच. हात शिवशिवलेसुद्धा नाहीत, विचारही केला नाही. छान गोल बसले, असे वर लिहून ठेवले आहे. आकड्याची जागा मोकळी सोडली आणि टिंबाची भरली.

ताई म्हणाल्या, मी नी दाखवली होती, बाबांनी मान डोलावली होती.

अक्का म्हणाल्या, "मान ते बठ्ठास्लेच डोलावेत."

लोक हसले, ताई सगळ्यांत जास्त. ताईंनी वहीत अक्कांचे नाव लिहिले आणि आतून एक पुस्तक आणून पुढे केले. नी असो की टिंब, तुमचेच आहे म्हणाल्या. अक्कांनी हात मागेच ठेवले. फुकटचे माले नको. आधी ठरवा, टिंब होते की नव्हते.

ठरवणार कोण? खड्डा थेट लाकडापर्यंत होता. मूळ पाटी हातात घेऊन पाहिलेला माणूस एकच.

सगळ्यांनी नानांकडे पाहिले. नाना भिंतीला टेकून उभे होते. डोके खाजवले. म्हणाले, "हो. टिंब मीच दिलं व्हतं तवा. आत्ता आठवलं."

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. चाळीस वर्षांनी पेंटर सापडला होता. "खरं सांग, नाना. तुना ब्रशनी आण."

नाना म्हणाले, ब्रश जळगावला राहिला. आणि चहाला गेले.

अक्कांनी पुस्तक घेतले. घरी नाही नेले. उंबऱ्यावर बसल्या, चष्मा लावला. "आते आठेच बसीसन वाचस. घर नेसू ते ठरल्यावर."

आम्ही टेम्पोत बसेपर्यंत सातवे पान चालू होते. बोट ओळीखालून सरकत होते. मधेच त्या मोठ्याने हसल्या, पुस्तकातल्या कशाला तरी.

वहीत त्यांच्या नावापुढची जागा ताईंनी कोरी ठेवली आहे.

२४ फेब्रु., सोम.
सकाळी दुकान उघडताच नानांना विचारले. खरे सांगा, टिंब तुम्ही दिले होते? परवाचे जेवण आठवत नाही तुम्हाला.

नाना एका टेम्पोच्या फाळक्यावर नंबर टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या कोशात त्या शब्दाचा दुसरा अर्थ काय होता?"

परत देणे, म्हणालो.

"मग?" एवढेच. पुढचा आकडा टाकला. हात थरथरत नव्हता.

म्हणजे हो की नाही? काढून घेतले काही नसताना परत दिले, की घेतले होते म्हणून परत दिले? नाना एवढे चांगले खोटे बोलू शकतात का? एवढे खरे तरी?

ताईंचा मेसेज: रविवारी या, पाटीखाली बसून ठरवू. अक्का विचारत होत्या, चौतीस पाने झाली आहेत, बाकीची घरी वाचायची आहेत. सुनेनेही रात्री पाटी तपासली म्हणे, बॅटरी लावून. तिला आणखी एक सापडली आहे. सांगत नाही.

पिशवी भरून ठेवली. ब्लेड घेतले. निळा घेतला. पांढराही घेतला.

आजच्या चुका: एक. कोणाची, ते ठरायचे आहे.